नागव्वाची दोन मरणं

जेऊर, ता. करमाळा
३ सप्टेंबर २०२५

श्रीदेवीताई यांना,
जेऊरहून रामहरीचा नमस्कार.

आपली ओळख नाही. गेल्या रविवारच्या पेपरात नागव्वा नावाच्या बाईंचा लष्करी नर्सच्या वेषातला फोटो आला आणि खाली माहिती देणार म्हणून तुमचं नाव, शुक्रवार पेठेतला पत्ता. आमच्या सूनबाई रेश्मा यांनी तो पेपर माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, मामा, ही बाई आपल्या भिंतीवर हाय की. खरंच आहे. तोच फोटो, तीच टोपी, डावा खांदा जरा खाली. आमच्याकडच्या फोटोला चंदनाचा हार आहे, एवढाच फरक.

पेपरात लिहिलंय की या बाई दुसऱ्या महायुद्धात आसामच्या आघाडीवर जखमींची सेवा करताना १९४४ साली शहीद झाल्या, सोलापुरात त्यांची समाधी आहे आणि १६ नोव्हेंबरला तिथं शिळेचं अनावरण आहे. कुणाला अधिक माहिती असल्यास कळवावी, असंही आहे. तर अधिक माहिती आमच्याकडं भरपूर आहे. पहिली म्हणजे या बाई १९४४ साली मेल्या नाहीत. मी सात वर्षांचा असताना त्यांनी मला देवीची लस टोचली आणि मी चावलो म्हणून थोबाडीत दिली. आमच्या वस्तीवर त्यांना नर्सआक्का म्हणत. १९९४ साली आमच्याच घरात गेल्या.

दिलेल्या नंबरवर सूनबाईंनी फोन लावला होता. तिकडच्या गृहस्थांनी चुकीची माहिती पसरवू नका असं सांगून ठेवून दिला. मला फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यामुळं भांडता आलं नाही. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्ये बोलता येत नाही.

आक्काला माहेर होतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही सापडलात, फार आनंद झाला.

आपला,
रामहरी


सोलापूर
९ सप्टेंबर २०२५

श्री. रामहरी यांस,
सादर नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. आपला काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. नागव्वा या माझ्या सख्ख्या आत्या. त्या युद्धात गेल्या हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्यांची समाधी मी लहानपणापासून पाहत आले आहे. दर श्रावणात तिथं पूजा असते. त्या काळी नर्सबाईंचे फोटो सारखेच दिसत. आपल्याकडच्या बाई दुसऱ्या कुणी असतील. फोनवर बोलले ते माझे धाकटे बंधू शिवराज. कार्यक्रमाची सगळी धावपळ त्यांच्यावर आहे, त्यामुळे ते जरा तुटक बोलले असतील, राग मानू नये.

तरी सहज म्हणून विचारते. आपल्या नर्सआक्का गळ्यात काही घालत होत्या का? कधी कानडी बोलत का? आणि त्यांचा शेवट कसा झाला, त्यांचं पुढचं सगळं कुणी केलं?

उत्तर देणार असाल तर कृपया या घरच्या पत्त्यावर देऊ नये. सात रस्ता चौकात माझी मैत्रीण वैजयंती हिचं झेरॉक्सचं दुकान आहे, तो पत्ता मागे लिहिला आहे. घरी टपाल आलं की सगळे विचारतात, म्हणून.

आपली,
श्रीदेवी


जेऊर
१६ सप्टेंबर २०२५

श्रीदेवीताई,

तुम्ही म्हणता ती दुसरी बाई असेल, आणि लगेच विचारता गळ्यात काय होतं. दुसरीच्या गळ्याची चौकशी कोण करतं? तुम्हाला ओळख पटली आहे असं मी धरून चालतो.

आधी ती आमच्याकडं आली कशी ते सांगतो. आई, म्हणजे बजाबाई, १९४६ साली माहेराहून मोहोळहून गाडीनं परत येत होती. सातवा महिना होता आणि गाडीतच कळा सुरू झाल्या. डब्याच्या दाराशी एक बाई पत्र्याच्या पेटीवर बसली होती. तिनं पदर खोचला, डब्यातल्या पुरुषांना पुढं हाकललं आणि जेऊरला आईला धरून उतरवलं. स्टेशनातल्या खोलीत माझा थोरला भाऊ कोंडीबा जन्मला. तोवर गाडी गेली होती. आईनं विचारलं, “तुमाला कुटं जायाचं हुतं?” ती म्हणाली, कुठंच नाही. आई म्हणाली, “मग चला की.” एवढ्यावर ती आली आणि अठ्ठेचाळीस वर्षं राहिली.

गळ्यात काही नव्हतं. आईनं एकदा काळी पोत दिली तर नको म्हणाली. म्हणाली, “माझा देव गळ्यात हुता. आसामात एका पोराच्या हातात ठेवून आले.” आम्हाला वाटलं, सोन्याचा ताईत असेल, लढाईत गेला. कानडी बोलायची, पण फक्त बाळंतिणीला धीर देताना. बाईला कळायचं नाही, पण बाई शांत व्हायची.

पदकं दोन होती. एक तारा आणि एक गोल बिल्ला. पन्नासच्या सुमारास सरकारातून आली. आक्कानं ती आईच्या डब्यात टाकून दिली. आईनं गोल बिल्ला कोंडीबाच्या धाकट्या बहिणीच्या पाळण्याला बांधला, ती गोवरातून वाचली, आणि मग वस्तीवरचा एकही पाळणा त्या बिल्ल्याशिवाय हलला नाही. आक्का हसायची. म्हणायची, राजाचं डोकं आहे त्याच्यावर, तो कशाला तुमची पोरं सांभाळतोय.

शेवटाचं विचारलंत. माघात गेली, दम्यानं. शेवटचे दोन दिवस एकच सांगत होती, मला आडवी करू नका, बसवून ठेवा. श्वास लागतोय म्हणून आम्ही पाठीशी उशा रचल्या. गेल्यावर मात्र सगळं रीतसर केलं, त्यात कमी केलं नाही. मडकं मी धरलं, अग्नी मी दिला, केस मी उतरवले. राख भीमेत सोडली. दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध, सगळं सख्ख्या आईसारखं केलं.

१६ नोव्हेंबरला आम्ही येणार. वस्तीवर सांगितलं तर वीस-पंचवीस माणसं तयार झाली, त्यात सगळे तिच्या हातचे जन्मलेले. टेम्पो ठरवतोय. पदकं शोधून आणतो. पेपरवाल्यांना काय ते तिथंच कळेल.

तुमचा,
रामहरी


सोलापूर
२५ सप्टेंबर २०२५

रामहरीकाका,

आता काका म्हणते. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं, तुम्ही ते पकडलंत.

ती माझी आत्याच. तुमचं पत्र मी दुकानात उभ्यानं वाचलं, मग घरी येऊन बाबांना वाचून दाखवलं. बाबा, मल्लिकार्जुन, तिचे धाकटे भाऊ. एकोणनव्वद वर्षांचे आहेत, दोन वर्षांपासून पलंगावर. वाचताना ते वर पंख्याकडे बघत होते. संपल्यावर कानडीत म्हणाले, “अक्का बंदिद्ळु.” म्हणजे, अक्का आली होती.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते, कारण या घरात ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मलं की गळ्यात लिंग बांधतात आणि ते मरेपर्यंत उतरवत नाहीत. माणूस गेला की त्याला आडवं करत नाहीत. बसवतात, लिंग त्याच्या तळहातात ठेवतात आणि तसंच बसलेलं मातीत देतात. अग्नी नसतो. आत्या आसामच्या लष्करी इस्पितळात असताना विजापूर भागातल्या इंडीकडचा, आमच्यातलाच एक शिपाई मरायला टेकला होता. त्याचं लिंग जंगलात कुठंतरी हरवलं होतं आणि रिकाम्या हातानं मातीत जायची त्याला धास्ती बसली होती. आत्यानं स्वतःचं लिंग काढून त्याच्या हातात दिलं. ती परत आली ती तशी, मोकळ्या गळ्यानं.

१९४६ साली ती या दारात उभी राहिली. आजोबांनी दार उघडलं नाही. बंद दारातून तिनं शिपायाची गोष्ट सांगितली, ती बाबांनी ऐकली. ते दहा वर्षांचे होते. तांब्या भरून निघाले तर आजोबांनी तांब्या काढून घेतला. जंगम, म्हणजे आमचे पुरोहित, म्हणाले होते की दुसरं लिंग बांधता येईल, त्यात काही मोठं नाही. आजोबांना ते नको होतं. विधवा मुलगी परक्या पुरुषांची अंगं पुसून आली, ती घरात घ्यायची नव्हती. लिंगाचं निमित्त सापडलं. दिवे लागल्यावर ती पेटी उचलून गेली. तिसऱ्या दिवशी घरानं सांगितलं, नागव्वा लढाईत गेली, आत्ता कळलं. तिची लहानपणीची कापडं आणि विभूती पुरली आणि वर समाधी बांधली. बाबांनीही माती टाकली.

आणि मी, रामहरीकाका, दोन वर्षं तिचा शोध घेत होते. पोटमाळ्यावर फोटो सापडला तिथून सुरुवात झाली. पुण्याला लिहिलं, दिल्लीला लिहिलं, इथल्याच एक निवृत्त लष्करी नर्सबाई मदतीला आल्या. तिकडून उत्तर आलं की दोन पदकं दिली आहेत आणि १९४६ साली सेवेतून मुक्त केलं. मृत्यूची नोंद नव्हती. मला वाटलं, कारकुनाकडून राहिली असेल. जिच्या समाधीवर मी दर श्रावणात बेल वाहिला ती जिवंत असेल, असं मनात तरी कसं यावं? सरकारची चूक झाली असं मी धरलं. आमची असेल असं वाटलंच नाही.

आता मुद्द्याचं. कृपा करून १६ तारखेला येऊ नका.

मी माझ्या भावाच्या घरात राहते. वीस वर्षांपूर्वी अक्कलकोटचं सासर सोडून आले तेव्हा शिवराजनं वरची खोली दिली. नोकरी नाही, घर बाबांनी कधीच त्याच्या नावावर केलंय. बाबांचं सगळं मी करते, म्हणून मी आहे. शिवराजला महापालिकेचं तिकीट हवंय आणि शहीद आत्या त्याला बरोबर वेळेवर सापडली. ती त्याला शोधून दिली मीच. स्मरणिका मी लिहिली, छापून आली, भाषण मला करायचं आहे. तुम्ही टेम्पो घेऊन आलात तर त्याचं हसं होईल आणि माझं घर जाईल. मी बावन्न वर्षांची आहे. कुठं जाऊ?

तुमच्या आक्कासाठी तुम्ही जे केलंत त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. फक्त ती बसवा म्हणाली होती ना, ती ओळ मी पुन्हापुन्हा काढून वाचते.

तुमची,
श्रीदेवी


जेऊर
६ ऑक्टोबर २०२५

श्रीदेवीताई,

आठ दिवस लिहायला हात उचलला नाही. वस्तीवर सांगितलं की टेम्पो रद्द. कारण सांगितलं नाही, त्यामुळं सगळे माझ्यावर रागावलेत.

तुम्ही येऊ नका म्हणता त्याचं वाईट वाटलं नाही. बाईमाणसाचं घर जाणं काय असतं ते मी आक्काकडं बघून शिकलोय. वाईट वाटलं ते दुसरं. ती दोन दिवस मला सांगत होती आणि मी उशा आणत होतो. गेल्यावर मीच तिला तिरडीवर आडवी केली, सुतळीनं बांधली. जरा घट्ट बांध म्हणून मीच सांगितलं, वाट खडबडीत होती. कोंडीबा आता नाही, आई नाही, विचारायचं कुणाला?

आम्हाला एकदा सांगायचं ना तिनं. आमच्या शेतात जागेला काय तोटा होता? मी स्वतः खड्डा खणला असता. कदाचित तिला वाटलं असेल, जात सांगितली की हितलंही दार बंद होतं.

मी आता काय करू, ते तुमच्या लोकांना विचारून सांगा. काही प्रायश्चित्त असेल तर करतो. राखही राहिली नाही. भीमेचं पाणी उजनीत अडलेलं आहे, तेवढंच, म्हणजे ती अजून इथंच आसपास असेल.

रामहरी


सोलापूर
१८ ऑक्टोबर २०२५

प्रति,
श्री. रामहरी,
मु. पो. जेऊर, ता. करमाळा

महोदय,

शहीद नागव्वा स्मृती समितीतर्फे आपणास कळविण्यात येते की, आमच्या घराण्यातील वीरांगना नागव्वा यांची दोन लष्करी पदके काही कारणाने आपल्या ताब्यात असल्याचे समजते. सदर पदके दि. १६ नोव्हेंबर रोजी होणाऱ्या कार्यक्रमात समाधीस्थळी चौकटीत बसविण्याचे योजिले आहे. तरी ती दि. ५ नोव्हेंबरपूर्वी समितीकडे पोहोच करावीत, ही विनंती. आपला यथोचित सत्कार शाल व श्रीफळ देऊन करण्यात येईल.

कळावे,
श्रीदेवी
(समितीकरिता)

काका, वरचं शिवराजनं सांगितलं तसं लिहिलं. तो माझ्या खुर्चीमागे उभा होता. आता तो बाहेर गेलाय आणि मी पाकिटावर तिकीट लावायला खाली आलेय, तेवढ्यात हे लिहिते. पदकं पाठवू नका.

मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं, बाबांच्या तोंडून ऐकल्यावर तरी थांबेल. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “ताई, चव्वेचाळीसला मेली काय आणि चौऱ्याण्णवला मेली काय, मेलीच की.” मग म्हणाला, “तुला हितनं जा असं मी कधी म्हणलोय का?” म्हणाला नाही, हे खरंच आहे. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं हा विषय काढला, तोही इतक्या मायेनं की मी मान हलवली. पदकं आहेत म्हटल्यावर तर तो खूशच झाला.

तुमच्या प्रायश्चित्ताचं बाबांना विचारलं. त्यांनी तुमचं पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “ज्यानं दार उघडलं त्याच्या हातनं गेली. आणि काय पायजे?” आमच्यात याहून मोठा माणूस मी विचारायला शोधणार नाही, तुम्हीही शोधू नका. गाडीचा आवाज आला, थांबते.


जेऊर
२७ ऑक्टोबर २०२५

शहीद नागव्वा स्मृती समिती, सोलापूर, यांस,

आपलं पत्र पावलं. पदकांची खूप चौकशी केली. गोल बिल्ला पाळण्यापाळण्यानं फिरत असतो. दिवाळीत तो सावडीला होता असं कळलं म्हणून माणूस पाठवला, तर तिथून तो केमला गेला. केमची बाळंतीण माहेरी गेली. तिचं माहेर कुठलं, यावर दोघांची दोन मतं आहेत. तारा आमच्या घरात होता, पण सध्या दिसत नाही आणि घर मोठं आहे. सापडल्यास कळवू. शाल-श्रीफळ एखाद्या गरजूला द्यावं.

रामहरी

श्रीदेवीताई, हे वेगळं पान फक्त तुम्हाला, वैजयंतीताईंच्या पत्त्यावर.

वडिलांचा निरोप रेश्मानं मला दोनदा वाचून दाखवला. त्या दिवशी खूप दिवसांनी पोटभर जेवलो. त्यांना माझा नमस्कार सांगा.

मी १६ तारखेला एकटा येतो. बोलणार नाही. मागच्या खुर्चीत बसेन, जेवण वाढलं तर जेवेन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. तुमच्या घराला माझ्यामुळं धक्का लागणार नाही, शब्द देतो. फक्त तिचं कुणी काय बोलतं ते बघायचं आहे. एवढ्याला नाही म्हणू नका.


सोलापूर
२ डिसेंबर २०२५

रामहरीकाका,

तुम्ही निघालात तेव्हा घरच्यांनी मला तुमच्याशी बोलू दिलं नाही, म्हणून आज लिहिते. हे पत्र मायाक्का टपालात टाकेल. ती रोज सकाळी बाबांना आंघोळ घालायला येते. मला आता खाली जायला कारण लागतं.

तुम्ही दिसलात ते शामियान्याच्या अगदी मागे, खांबाजवळ. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी. मी ठरवून आले होते की छापलेलं वाचायचं. स्मरणिका हातात होती. निवृत्त नर्सबाईंनी पडदा ओढला, शिळेवर सोनेरी अक्षरांत ‘रणभूमीवर वीरमरण, १९४४’ दिसलं, टाळ्या झाल्या. मग फुलं वाहायची रांग लागली. तुम्ही रांगेत उभे राहिलात. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही चपला काढल्या, टोपी काढली, आणि आमच्या आजोबांनी जुनी कापडं पुरून बांधलेल्या त्या ओट्याला वाकून नमस्कार केलात. जिला तुम्ही स्वतःच्या हातानं अग्नी दिला तिच्या खोट्या समाधीवर तुम्ही फुलं ठेवलीत आणि गप्प खुर्चीवर जाऊन बसलात. का, तर मी गप्प बसायला सांगितलं होतं. माझी खोली राहावी म्हणून.

ते मला बघवलं नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा स्मरणिका मी खुर्चीवरच ठेवून गेले. काय बोलले ते तुम्ही ऐकलंत. मला नीट आठवत नाही. वैजयंतीनं तिथंच नंतर सांगितलं, मी एवढंच म्हणाले, “माझी आत्या युद्धात मेली नाही. ती शेचाळीस साली घरी आली होती. आम्ही दार उघडलं नाही. ह्या समाधीत कुणी नाही.” मग म्हणे मी तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, तिचा मुलगा तिथं बसलाय.

मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. दगड फुटेल, माणसं उठून जातील, शिवराज हात धरून खाली ओढेल. काहीच झालं नाही. शिवराजनं माईक घेतला, ताईंची तब्येत बरी नाही, बाबांच्या आजारपणाचा ताण आहे, असं सांगितलं. लोकांनी सहानुभूतीनं मान हलवली. कुणी टाळीही वाजवली. मग जेवणं झाली. दोन म्हातारे होते, आमच्याच गल्लीतले. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. ते पान वाढून घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवले.

घरातून मला कुणी काढलं नाही. हेच सांगायचं होतं. मला वाटत होतं, बोलले तर घर जाईल. गेलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि विश्रांती सांगितली. माझा फोन बिघडलाय म्हणून शिवराजनं दुरुस्तीला नेला, तो आला नाही. वैजयंती दोनदा आली तर ताई झोपलीय असं सांगून खालूनच परत पाठवली. भावजय ताट वर आणून देते आणि मी गोळी गिळेपर्यंत थांबते. आवाज कुणी चढवत नाही. पाहुणे आले की जिन्याखाली हळू आवाजात माझी चौकशी होते. शिळा आहे तिथंच आहे. परवा तिच्यासमोर शिवराजचा फोटो पेपरात आला.

बाबांना मी सांगितलं, मी बोलून आले. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही, मायाक्का आली तेव्हाही. आता तेच रोज विचारतात, शिवराज काय म्हणाला. मी सांगते, काही नाही. खरंच काही म्हणत नाही.

आजोबांनी आत्याला मेलेली ठरवलं, मला यांनी वेडी ठरवलंय. फक्त ती दाराच्या बाहेर होती, काका. तिला पेटी उचलून निघता आलं. मी आत आहे, आणि बाबा माझ्याशिवाय कुशीवरही वळत नाहीत.

उत्तर मायाक्काच्या नावानं पाठवा. पत्ता मागे आहे.

श्रीदेवी


जेऊर
८ डिसेंबर २०२५

श्रीदेवीताई,

पत्र रेश्मानं वाचलं, मग मी वाचलं, मग आम्ही दोघांनी ठरवलं.

तुम्ही वेड्या नाही. तुम्ही बोलत होता तेव्हा मी तुमच्याकडं बघत होतो आणि माझ्या शेजारचा माणूस त्याच्या मोबाइलकडं. कोण शुद्धीवर होतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलंत तेव्हा माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तिचा मुलगा म्हटलं. आम्ही मनात धरून होतो, पण चारचौघांत म्हणायचा हक्क कुठं होता?

येत्या रविवारी सकाळी दहाला मी तुमच्या दारात येतो. बरोबर रेश्मा, तिचा नवरा आणि पेशंट झोपवून नेता येतो तसली गाडी आहे. भांडायला येत नाही. भावाला त्याच्या बहिणीच्या घरी न्यायला आलोय, एवढंच सांगणार. मल्लिकार्जुन अण्णा हो म्हणाले तर कुणाच्या बापाला अडवता येणार नाही, ते घरातले सगळ्यात मोठे आहेत. त्यांना आधी विचारून ठेवा. नाही म्हणाले तर मी खालीच चहा घेऊन परत जाईन आणि पुढच्या रविवारी परत येईन. मला आता शेतात फारसं काम नसतं.

गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या, इथल्या डॉक्टरला दाखवू. कपडे थोडेच घ्या, थंडीचे मात्र घ्या, आमच्याकडं उसाच्या रानात गारठा असतो.

आक्काची खोली रिकामी आहे. पलंग एकच होता. काल दुसरा आणून शेजारी लावून बघितला. मधून माणूस जाईल एवढी जागा राहते.

रामहरी